विश्लेषण : महागड्या रेस्टॉरंटमध्ये दुसऱ्यांदा जावे का? बिलातले पैसे नेमके कशाचे?

वर्धा रोड, रामदासपेठ, सदर, धरमपेठ. ‘आज जरा चांगल्या ठिकाणी जेवायला जाऊ’ असे नागपुरात कुणी म्हटले की गाडी बहुधा यांपैकी एका दिशेला वळते. वाढदिवस, साखरपुडा, पुण्याहून सुट्टीत आलेला मुलगा असे काही निमित्त असले की चौघांचे चार-पाच हजारांचे बिल पहिल्यांदा खटकत नाही. फोटो निघतात, स्टेटस पडते, सगळे खूश. खरा प्रश्न तीन-चार महिन्यांनी पडतो. पुन्हा तिथेच गेल्यावर तीच भाजी तशी लागत नाही आणि बिल मात्र वाढलेले असते. चव खरेच उतरली का? की कर आणि सेवाशुल्क वाढले? आणि पैसे वसूल झाले की नाही, हे ठरवायचे कशावरून?

पहिल्या भेटीवर विश्वास का ठेवू नये?

इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये शिकलेली एक गोष्ट इथे कामी येते. एकदा मोजून निष्कर्ष काढायचा नसतो. पहिल्या भेटीत तर मोजणीच बिघडलेली असते. निमित्त आनंदाचे असते, बिल बरेचदा दुसरा कुणी देणार असतो आणि वेटरने सुचवलेले, म्हणजे किचनला उत्तम जमणारे दोन-तीन पदार्थच टेबलावर येतात.

व्यावसायिक समीक्षक म्हणूनच एका जेवणावर मत देत नाहीत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रेस्टॉरंट समीक्षकांनी परीक्षण लिहिण्याआधी साधारण तीन वेळा तरी जाऊन यायचे, असा प्रघात आहे. त्याच वृत्तपत्राने न्यूयॉर्कच्या ‘पर से’ या अतिमहागड्या रेस्टॉरंटला २०११ मध्ये चारपैकी चार तारे दिले होते. जानेवारी २०१६ मध्ये समीक्षक पीट वेल्स पुन्हा गेले आणि त्यांनी ते दोनवर आणले. मिशेलिन गाइडचे निरीक्षकही ओळख न देता जातात, स्वतःचे बिल स्वतः भरतात आणि तारे दरवर्षी नव्याने ठरवतात. तिथे दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जाण्याजोगे ठिकाण आणि तीन तारे म्हणजे खास त्यासाठी प्रवास करण्याजोगे. भारतात मिशेलिन गाइड नाही. पण कसोटी उसनी घ्यायला हरकत नाही. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये बेसा-मनीषनगरहून सदरपर्यंत गाडी काढावीशी वाटते का, एवढे स्वतःला विचारले तरी पुरे.

शेफ बदलला की चव गेली, असेही सरसकट म्हणता येत नाही. मुंबईच्या महालक्ष्मी भागातील ‘मास्क’ची ओळख शेफ प्रतीक साधू यांच्या नावाशी जोडली गेली होती. ते २०२२ मध्ये बाहेर पडले. त्यानंतर वरुण टोटलानी यांच्या हाताखालच्या किचनने २०२५ च्या ‘आशियातील ५० सर्वोत्तम’ यादीत १९ वा क्रमांक आणि भारतातील सर्वोत्तम रेस्टॉरंटचा मान मिळवला. काम एका माणसाच्या हातावर चालते की बसलेल्या पद्धतीवर, हे दुसऱ्या भेटीतच कळते.

एका जेवणाचे पाच हजार म्हणजे किती?

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भारतात एका व्यक्तीचा सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये होता. घरभाडे, प्रवास, शिक्षण, औषधे असे सगळे त्यात आले. त्यातला ११ टक्क्यांच्या आसपास भाग पेये आणि प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या गटावर जातो, ज्यात बाहेरचे तयार जेवणही मोडते. म्हणजे माणशी महिन्याला साधारण ७७५ रुपये. चौघांच्या कुटुंबाचे ३,१०० झाले. महागड्या ठिकाणची एक रात्र या सरासरी कुटुंबाचे त्या खात्यातले महिन्याभराचे पैसे संपवून वर आणखी मागते. सरासरीत गरीब-श्रीमंत सगळे येतात हे खरे. तरी ‘परवडते म्हणून जातो’ म्हणणाऱ्यांनीही हा आकडा एकदा बघायला हवा.

कुठे ५ टक्के, कुठे १८ टक्के, असे का?

बहुतेकांची फसगत इथे होते. मेन्यूकार्डावर दर सारखेच असतात, तळाशी बारीक अक्षरात ‘कर वेगळा’ लिहिलेले असते, पण किती ते नसते. नोव्हेंबर २०१७ पासून स्वतंत्र रेस्टॉरंटमधील जेवणावर ५ टक्के जीएसटी आहे. महागड्या खोल्यांच्या हॉटेलातील रेस्टॉरंटला मात्र १८ टक्के लागतो. सीमारेषा आहे खोलीच्या ७,५०० रुपये रोजच्या भाड्याची.

१ एप्रिल २०२५ पासून या नियमात एक मोठा बदल झाला आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. आधी हॉटेलने जाहीर केलेला छापील दर बघितला जात असे. आता प्रत्यक्ष घेतलेले भाडे बघितले जाते. आदल्या आर्थिक वर्षात हॉटेलमधल्या कोणत्याही एका खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर गेले असेल, तर त्या जागेतल्या रेस्टॉरंटला पुढचे पूर्ण आर्थिक वर्ष १८ टक्के लागू. हॉटेलला स्वतःहून १८ टक्क्यांचा पर्यायही घेता येतो.

हा नियम नागपूरच्या संदर्भात वाचून पाहा. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे होते. डिसेंबरमध्ये मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार आणि कामे घेऊन येणारी मंडळी शहरात उतरतात आणि खोल्यांना सोन्याचा भाव येतो. त्यात लग्नाची तिथी असली किंवा जामठ्याला सामना असला तर विचारायलाच नको. एरवी पाच-सहा हजारांत खोली देणाऱ्या हॉटेलने त्या गर्दीत एका रात्री आठ हजार घेतले, तर पुढच्या एप्रिलपासून वर्षभर तिथे पनीर खाणाऱ्या प्रत्येक नागपूरकराच्या बिलावर १८ टक्के लागतील. गेल्या वेळी ५ टक्के होते आणि या वेळी १८ कसे, याचे उत्तर काही ठिकाणी असे मागच्या हिवाळ्यात सापडू शकते.

ज्यांना जीएसटी ५ टक्के आहे त्यांनाही मोकळे रान नाही. त्यांना खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, मिळत नाही. जागेच्या भाड्यावर, उपकरणांवर, सजावटीवर भरलेला कर शेवटी मेन्यूच्या दरातच मुरतो. तो बिलात दिसत नाही, एवढेच.

मद्याचा हिशोब वेगळा. त्यावर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे. महाराष्ट्रात परमिट रूममधील मद्यावरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. बड्या तारांकित हॉटेलांत तो आधीपासूनच जास्त आहे. २०२५ मध्ये उत्पादन शुल्कही वाढले. त्यामुळे ज्या टेबलावर ग्लास आहेत, त्याची जुन्या बिलाशी तुलना करून किचनला दोष देण्यात अर्थ नाही.

सेवाशुल्क द्यायलाच हवे का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. बिलात सेवाशुल्क आपोआप लावायचे नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचे नाही, ते दिले नाही म्हणून कुणाला प्रवेश नाकारायचा नाही आणि जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटीही लावायचा नाही, असे त्यात स्पष्ट आहे. रेस्टॉरंट संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, सुरुवातीला स्थगिती मिळाली. पण २८ मार्च २०२५ रोजी न्या. प्रतिभा सिंह यांनी या सूचना वैध ठरवल्या आणि याचिकाकर्त्या संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला सांगितले. संघटनांनी या निकालाविरुद्ध अपीलही केले.

कर आणि सेवाशुल्क मिळून किती फरक पडतो, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. मेन्यूच्या दराने ४,००० रुपयांचे जेवण झाले. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के धरून ४,२०० रुपये द्यावे लागतील. १८ टक्क्यांच्या हॉटेलात तेच ४,७२० होतील. तिथे १० टक्के सेवाशुल्क लावून वर जीएसटी आकारला तर रक्कम ५,१९२ वर जाईल. ताटात एक कणही वाढला नाही आणि ९९२ रुपये जास्त गेले. सेवाशुल्क काढून टाका म्हणायला अनेकांना संकोच वाटतो, विशेषतः पाहुणे सोबत असताना. वेटरचे काम आवडले असेल तर टीप त्याच्या हातात द्या. सेवाशुल्क त्याच्यापर्यंत पोहोचतेच असे नाही.

पाण्याच्या बाटलीवर मात्र वाद घालू नका. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. आल्याआल्या ‘मिनरल की रेग्युलर’ असे विचारतात, तेव्हा रेग्युलर म्हणायला लाजायचे कशाला?

मग पैसे कशाचे द्यायचे?

हॉटेल व्यवसायात कच्च्या मालाचा खर्च विक्रीदराच्या तीसेक टक्क्यांत बसवण्याचा ढोबळ हिशोब असतो. ५०० रुपयांच्या भाजीत सामान दीडशेचे, बाकी जागा, पगार, वीज, गॅस, नासाडी आणि नफा. यात लबाडी नाही. पण दीडशेच्या सामानावर किचनने काय केले, हे विचारायचा हक्क आपल्याला नक्की आहे.

दीडशे पदार्थांचा मेन्यू दिसला की मी सावध होतो. मोठ्या किचनमध्ये मखनी, पांढरी, पिवळी अशा तीन-चार ग्रेव्ही सकाळीच तयार होतात आणि संध्याकाळी त्यांतूनच डझनभर नावे जन्मतात. पनीर बटर मसाला, पनीर लबाबदार आणि कोफ्ता एकाच टेबलावर मागवून तिन्हींत एकच गोडसर काजू-टोमॅटो लागला, तर पैसे नावांचे गेले. ही भाजी पाचशेऐवजी अडीचशेतही मिळते, चवीत फारसा फरक न पडता.

नागपूरच्या महागड्या रेस्टॉरंटपुढची अडचण आणखी मोठी आहे, कारण इथे तुलना सावजीशी होते. हलबा कोष्टी विणकर समाजाच्या घरांतून आलेल्या या रश्श्याला एसी लागत नाही, सजावट लागत नाही. बाकावर घाम पुसत जेवायचे. भाडे आणि सजावटीचा बोजा कमी असल्याने तिथे ग्राहकाच्या रुपयातला मोठा वाटा बहुधा मटण-मसाल्यातच जातो. तोच रस्सा पांढऱ्या चिनीमातीत, अर्ध्या तिखटाने, तिप्पट दराने कुणी वाढला तर त्याचे कौतुक मला तरी करता येणार नाही.

याउलट वडाभात, पाटोडी रस्सा, पुरणपोळी हे घरी करायला अर्धा दिवस लागतो आणि आता अनेक घरांत ते करणारे हातच उरलेले नाहीत. ते नीट करून वाढणाऱ्या जागेला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. विष्णू मनोहर यांच्या ‘विष्णूजी की रसोई’सारख्या ठिकाणी पारंपरिक पदार्थांसाठी लोक पुन्हा जातात ते त्यामुळेच. नीट तापलेल्या तंदूरचे काम, समुद्रापासून इतक्या दूर ताजी मासळी, आजीला पायऱ्या न चढता बसता येईल आणि एकमेकांचे बोलणे ऐकू येईल अशी शांत जागा, यांनाही किंमत आहे. शांत जागेला तर आहेच. डीजे लावून साडेसातशेची डाळ विकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

ॲपवरची ५० टक्के सूट खरी की खोटी?

सूट खरी असते, पण ती ज्या दरावर मिळते तो दर कसा ठरला हे पाहावे लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये देशभरातील अनेक रेस्टॉरंट सवलतींना कंटाळून झोमॅटो गोल्डसारख्या योजनांतून बाहेर पडली होती, तेव्हापासून हा संघर्ष सुरू आहे. स्विगीने २०२२ मध्ये डाइनआउट विकत घेतले, झोमॅटोने २०२४ मध्ये ‘डिस्ट्रिक्ट’ आणले. सूट कायमची झाली की मालक तिला धरूनच मेन्यू छापणार, हे उघड आहे. म्हणून दोन भेटींची तुलना करताना टक्के बघू नका. प्रत्येकी शेवटी किती रुपये गेले, तेवढेच बघा. सूट कशावर आहे हेही वाचा. बफे, मद्य, शनिवार-रविवार बरेचदा तिच्यातून वगळलेले असतात.

दुसऱ्यांदा जाताना काय करावे?

निमित्त नसताना, मंगळवार-बुधवारी जा. गेल्या वेळी आवडलेला एक पदार्थ तसाच मागवा, म्हणजे किचनची शिस्त कळेल. एक अगदी साधा मागवा. डाळ, तंदुरी रोटी, वाफाळता भात यांत मलई-काजूच्या आड लपता येत नाही. तिसरा असा मागवा जो घरीही होत नाही आणि कोपऱ्यावरही मिळत नाही. मेन्यूवर असा पदार्थच सापडला नाही, तर तिथे पुन्हा यायचे की नाही याचे उत्तर तिथेच मिळाले.

ऑर्डर देण्याआधी दोन प्रश्न विचारून घ्या : जीएसटी ५ की १८, आणि सेवाशुल्क लावता का? बिल आल्यावर जेवण, सेवाशुल्क, जीएसटी, व्हॅट या ओळी वेगवेगळ्या वाचा. मद्याच्या रकमेवर जीएसटी लावला असेल तर लगेच दाखवून द्या. सेवाशुल्क काढायला नकार मिळाला तर बिलाचा फोटो काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. फोटोत रेस्टॉरंटचे नाव, जीएसटी क्रमांक, तारीख आणि सेवाशुल्काची ओळ स्पष्ट दिसायला हवी.