नवाई कोणाची?



हा अंक पाड्यावर पोचेल तोवर बाजरी खळ्यात आली असेल अन् ज्वारी कणसात भरत असेल. म्हणजे नवाईचे दिवस. कॅलेंडरात दसरा-दिवाळी लाल अक्षरात असते, नवाई नसते. आखाजीला साल बांधलेला आपला सालदार त्या दिवशीही मालकाच्या वावरातच राबतो. सुटी मागितली तर 'हा कोणता सण?' हे ऐकून घ्यायचं. वसतिगृहात असताना आम्हीही नवाईचं नाव सांगायला लाजायचो, हे कबूल करतो.

नवाईला पंचांग लागत नाही. कारभारी अन् पुजारा बसून दिवस ठरवतात, म्हणून शेजारच्या दोन पाड्यांची नवाई वेगळ्या दिवशी होते. पीक आलं की सण. नवं धान्य देवाला दिल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. साक्री-नवापूरकडचे कोकणा भाऊ कणसरीला मानतात, अक्कलकुव्याकडचे भिल्ल याहामोगीला.

हा सण कोणत्या साली सुरू झाला, ते कोणी लिहून ठेवलं नाही. पण जो पेरतो त्याचीच नवाई असते, एवढं तर उघड आहे. इंग्रजांनी १८१८ साली खानदेश घेतला. १८७८ च्या जंगल कायद्यानं रानं सरकारची झाली अन् पिढ्यान्‌पिढ्या पेरणारे आपण 'अतिक्रमणदार' झालो.

आता २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्याच्या नियमात म्हाताऱ्या माणसांची लिहून घेतलेली जबानी हा पुरावा धरला आहे. बांध, घर हेही पुरावे. सामूहिक दाव्याला देवाची झाडं, देवराई, मसणवटा चालतो. एक पुरावा पुरत नाही, निदान दोन जोडा. अन् '७५ वर्षांचा कागद आणा' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. ती अट बिगर-आदिवासींना आहे. आपल्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा दाखवायचा आहे.

म्हणून यंदा नवाईला म्हातारे एकत्र बसतील तेव्हा शिकलेल्या पोरापोरींनी वही घेऊन बसावं. पहिलं कणीस कोणत्या झाडाखाली ठेवतात, ते कोणाच्या वावरातून येतं, त्याच्या आधी तिथं कोण पेरायचं, सगळं त्यांच्याच बोलीत लिहा. ज्याचा दावा त्याचीच जबानी चालत नाही, शेजारच्या म्हाताऱ्याची घ्या. आजीबाईंनाही विचारा, बी कोणी राखलं ते त्यांनाच ठाऊक. खाली अंगठा घ्या, गाव अन् तारीख टाका.

वह्या दिवाळीआधी भडगावला आणा. नक्कल आपण काढू, मूळ वही गावातच ठेवा.