गिटार आणि सहा इंची पट्टी

संगमनेरच्या एका भगिनीचे पत्र श्रावणात आले आणि त्याचे उत्तर मी दिवाळीपर्यंत लांबवले, याबद्दल प्रथम त्यांची क्षमा मागतो. त्यांची कन्या आठवीत आहे आणि तिला गिटार हवी आहे. ‘घेऊन दिली तर तीन महिन्यांत नाद सुटेल आणि मग ती कपाटावर धूळ खात पडेल, असे हिच्या वडिलांचे म्हणणे. तुम्ही या वयात गिटार शिकता असे मागे या सदरात लिहिले होते, म्हणून विचारते. घ्यावी की घेऊ नये?’

प्रश्न सरळ आहे. मला मात्र सरळ उत्तर देता येईना. कारण तीन महिन्यांत नाद सुटलेली आणि कपाटावर धूळ खात पडलेली एक गिटार आमच्याच घरात होती. ती तिथे कशी गेली हे आधी सांगितल्याशिवाय दुसऱ्याला सल्ला देण्याचा मला अधिकार नाही.

सात वर्षांपूर्वीची दिवाळी. आमचे चिरंजीव तेव्हा सातवीत होते. फटाके नकोत, कपडे नकोत, फक्त गिटार हवी, असा त्यांचा हट्ट. मी दुकानात गेलो. रंग पाहिला, किंमत पाहिली आणि अडीच हजारांची वस्तू घासाघीस करून बावीसशेला आणली. त्या सौद्याचा मला कोण अभिमान! तारा वाजवून पाहाव्यात हे मात्र सुचले नाही. साधी पातेली घेताना आपण ती वाजवून घेतो. वाद्य घेताना तेवढेही केले नाही.

पंधरा दिवसांनी चिरंजीव म्हणाले, “बाबा, बोटं खूप दुखतात. आणि आवाज खर्र येतो.” मी मराठीचा प्राध्यापक. माझ्यापाशी दाखल्यांना काय तोटा! “एकलव्याने अंगठा कापून दिला. तुला बोटांची टोकं देववत नाहीत?” असे मी भर जेवणाच्या पंगतीत विचारले. पुढे महिनाभर हा एकलव्य मी त्याच्यापुढे नाचवला. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी त्याने गिटार खोळीत घातली, स्टूल घेतले आणि स्वतःच ती कपाटावर ठेवली. रडला नाही. “मला नाही जमत,” एवढेच म्हणाला. यावर मी काय म्हणालो तेही लिहितो, म्हणजे कबुली पुरी होईल. मी म्हणालो, “तुझ्याकडून एक गोष्ट शेवटाला जाईल तर शपथ!”

गेल्या वर्षी चिरंजीव शिकायला पुण्याला गेले. घरात आम्ही दोघेच राहिलो. दिवाळीची झाडलोट करताना ती खोळ खाली आली आणि का कोण जाणे, मी ती पुन्हा वर ठेवली नाही. भिंगारला एक निवृत्त गृहस्थ गिटार शिकवतात असे कळले होते. त्यांच्याकडे गेलो.

गिटार म्हणजे मुंबई-गोव्याचे वाद्य, आपल्या नगरला तिचे काय, असे कोणाला वाटेल. (शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण बसचा कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असेच ओरडतो आणि माझीही जीभ तशीच वळते.) अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली इथे आले, ते आपली उपासनागीते घेऊनच. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्या उपासनेत आपले भजन-कीर्तन आणले. सूर तिकडचा असो की इकडचा, तो पोटात घ्यायची सवय या गावाला जुनीच आहे. आमचे भिंगारचे मास्तर तरुणपणी चर्चमध्येच गिटार शिकले. आणि शहराबाहेर दौंडच्या रस्त्याला अरणगावाजवळ मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवला तोपर्यंत ते सोडले नाही. त्यांच्या समाधीपाशी देशोदेशीचे लोक येतात आणि त्यांतले कित्येक गिटारवर गातात. इंग्लंडातल्या ‘द हू’ या वाद्यवृंदाचा पीट टाउन्सेंड हा याच बाबांचा भक्त. १९७१ साली निघालेल्या त्यांच्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातले ‘बाबा’ म्हणजे आमच्या अरणगावचे मेहेरबाबा. गंमत अशी की हा गृहस्थ रंगमंचावर गिटारी आपटून फोडण्याबद्दल प्रसिद्ध. जन्मभर मौन पाळणारा गुरू आणि गिटारी फोडणारा शिष्य! माझ्या गिटारशी तीन महिने झुंजून त्याने ती फोडली असती, तर मी त्याला दोष दिला नसता.

कारण मास्तरांनी माझी गिटार हातात घेतली, ती एकदाही छेडली नाही. टेबलाच्या खणातून शाळेच्या मुलाची सहा इंची पट्टी काढली, बाराव्या पडद्यावर उभी धरली आणि म्हणाले, “सर, साडेचार मिलिमीटर. ही कोणी वाजवली?”

“मुलानं. सोडून दिली त्यानं.”

“सोडणारच. बोटं चांगली असतील पोराची. हत्यार बोथट होतं.”

मी घरी आलो तो निराळाच होऊन आलो, असे म्हणत नाही. पण त्या रात्री जेवण गेले नाही.

आता संगमनेरच्या भगिनींसाठी हा प्रकार नीट उलगडून सांगतो. गिटारच्या दांडीवर सतारीसारखे पडदे असतात. तार बोटाने दाबून पडद्याला टेकवली की सूर निघतो. तार पडद्यापासून जितकी उंच, तितका जोर अधिक. पोलादी तारांच्या गिटारवर बाराव्या पडद्यापाशी ही उंची अडीच-तीन मिलिमीटर असली तर नवशिक्याचे बोट निभावते. चारच्या वर गेली की तार बोटात सुरीसारखी रुतते, आणि दाबताना तार ताणली जाऊन सूरही चढा लागतो. म्हणजे पोर दुखणे सोसूनही बेसूरच वाजवणार. नायलॉनच्या तारांची गिटार निराळी. तिची उंची साडेतीन-चार असणे रीतीचेच आहे, कारण नायलॉन मऊ असते. मात्र बोटे दुखतात म्हणून कोणी पोलादी तारा काढून नायलॉनच्या घातल्या, किंवा आवाज मोठा हवा म्हणून नायलॉनच्या गिटारला पोलादी तारा चढवल्या, असे करू नका. दुसऱ्या प्रकारात ताण एवढा पडतो की घोडी उखडून हातात येते.

उंचीवर इलाज आहे, आणि तो आपल्याला नवा नाही. तंबोरा विकत आणला की तसाच बैठकीत कोणी ठेवत नाही. जाणकाराकडून त्याची जवारी काढून घेतात. घोडी घासणारा हात मिळाला नाही, तर मिरजेचा तंबोरासुद्धा बोलत नाही. गिटारलाही असा हात लागतो. पुण्याच्या एका कारागिराने माझ्या गिटारच्या घोडीवरची पांढरी पट्टी काढून खालून घासली, दांडीच्या आतली सळई पिळून दांडीचा बाक काढला, वरच्या टोकाच्या खाचा खोल केल्या आणि बारीक तारा चढवल्या. उंची पावणेतीनवर आली. या सगळ्याचे त्याने साडेसातशे रुपये घेतले. सात वर्षांपूर्वी घासाघिशीत मी वाचवले होते तीनशे.

तेव्हा गिटार घ्यायला जाताना खिशात पट्टी असू द्या. दुकानदार हसेल, हसू द्या. दुसरी परीक्षा कानाची. तार मोकळी छेडा, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून मोकळी तार सा म्हणाली तर तिथे तार सप्तकाचा सा आलाच पाहिजे. घरात कोणी गाणारे असेल तर त्यांना न्या. फरक त्यांना चटकन कळेल. सहाही तारांची ही परीक्षा घ्या. रंग शेवटी पाहा. अंगाने लहान मूल असेल तर तीन-चतुर्थांश मापाची गिटार मिळते. आठवीतल्या मुलीचा उजवा हात खोक्यावरून सहज खाली येत असेल, तर पूर्ण मापाची घ्यायला हरकत नाही.

तारा जुळवणे ही नवशिक्याला डोंगराएवढी भीती. मोबाईलवर ट्यूनर मिळतो, तो जरूर वापरावा. पण कानाला काही आधार हवा असेल तर मला गवसलेली एक गोष्ट सांगतो. सर्वांत जाड तारेला सा माना. तिच्यापासून बारीक तारेकडे या: सा, शुद्ध मध्यम, कोमल निषाद, कोमल गंधार, पंचम आणि पुन्हा सा. पाच निरनिराळे सूर झाले. गायनाच्या क्लासला गेलेल्या वाचकांनी ओळखलेच असेल. हे धानी रागाचे पाच सूर! मी हे मास्तरांना सांगितले, तर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पन्नास वर्षं ई, ए, डी, जी म्हणतोय. हे कोणी सांगितलं नाही.” त्या दिवशी त्यांनी माझी फी घेतली नाही.

पहिली कॉर्ड हीच घ्यावी, ई मायनर. पाचवी आणि चौथी तार दुसऱ्या पडद्यापाशी दोन बोटांनी दाबायची, बाकीच्या चार मोकळ्या. मध्यमाचा पंचम होतो, निषादाचा सा होतो, आणि सहाही तारांतून सा, कोमल ग आणि प एवढेच उरतात. आपल्या गाण्यात सूर एकामागून एक येतात. इथे तीन सूर एकदम उभे राहतात. कानाला सवय व्हायला थोडे दिवस लागतात. बोट पडद्यावर ठेवू नये, दोन पडद्यांच्या मधोमधही ठेवू नये. पडद्याच्या अगदी मागे, त्याला खेटून ठेवावे. निम्म्या जोरात काम होते. डाव्या हाताची नखे बारीक कापलेली असावीत. बोटांची टोके पहिले तीन-चार आठवडे हुळहुळतात, पुढे घट्ट होतात. एवढे दुखणे खरे. यापेक्षा अधिक दुखले तर पुन्हा पट्टी काढावी.

रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. रविवारी एकदम तीन तास बसणारे विद्यार्थी मी कॉलेजातही पाहिले आहेत. ते परीक्षेआधीच्या रात्रीही तसेच बसतात. दोन कॉर्ड घ्या आणि एकीवरून दुसरीवर जाण्याचाच सराव करा, हात न थांबता, टिचकीच्या लयीत. लय चुकली तर चालणार नाही, एखादी तार मुकी राहिली तर चालेल. तारांवरून फिरणारा हात मनगटातून हलवावा. केरवा आणि दादरा ज्याच्या पायात आहे त्याला हे लवकर येते. ‘एफ’ नावाची कॉर्ड आली की पहिले बोट सगळ्या तारांवर आडवे टाकावे लागते. तिथे पुष्कळ लोक गिटार विकतात. ती सहा महिने पुढे ढकलली तर काही बिघडत नाही. मी आठ महिने ढकलली.

गाणाऱ्याच्या पट्टीचा प्रश्न मात्र लवकर येतो. आमच्या सौभाग्यवतींची पट्टी काळी चार. मी शिकलो होतो जी, म्हणजे पांढरी पाच. पहिल्या दिवशी त्यांचा आवाज एकीकडे आणि माझी गिटार दुसरीकडे, संसाराचे चित्रच म्हणा! त्यावर कॅपो नावाचा चिमटा मिळतो. तो पहिल्या पडद्यावर लावला आणि जीच्याच कॉर्ड धरल्या की काळी चार. पेटीवाल्याला पट्टी बदलली की बोटे बदलावी लागतात, आपण चिमटा सरकवायचा. अशाने एखादे भावगीत घरात दोघांना मिळून म्हणता येते, आणि शिकणाऱ्याला खरा हुरूप येतो तो त्यानेच.

आमच्या जिल्ह्यापुरते एक सांगायचे राहिले. इकडचा उन्हाळा कोरडा. लाकूड आकसते आणि पडद्यांची टोके दांडीच्या कडेला हाताला बोचू लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते आणि तारा उंचावतात. गिटार खोळीत ठेवावी, उन्हाच्या भिंतीवर टांगू नये आणि बंद मोटारीत तर मुळीच ठेवू नये. जूनमध्ये आणि पुन्हा दिवाळीत एकदा उंची मोजावी.

गणपतीला चिरंजीव घरी आले. आल्या आल्या बैठकीत गिटार दिसली, ती उचलली आणि कॉर्ड धरायच्या आधी नुसती एक तार दाबून पाहिली. मग दुसरी. मग वर पाहिले.

“तारा खाली घेतल्यात?”

मी पट्टी आणली, बाराव्या पडद्यापाशी धरली, साडेचारचे पावणेतीन झाले ते दाखवले. वर्गात साठ मुलांपुढे बोलणारा माणूस मी, पण मिलिमीटरपलीकडे शब्द सुचेना. तो बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिला.

“मला वाटायचं, माझीच बोटं वाईट आहेत,” तो म्हणाला.

“तुझी बोटं चांगली होती. मी बघितलं नाही. चुकलंच माझं.”

“आणि तो एकलव्य?”

“तोही चुकलाच.”

स्वयंपाकघरातून सौभाग्यवती हसल्याचा आवाज आला. रात्री मी त्याला ई मायनर दाखवली. ती त्याच्या बोटांना आठवत होती. दुसऱ्या दिवशी एफही त्याने माझ्याआधी स्वच्छ वाजवली, याचे मला जेवढे वाईट वाटायला हवे होते तेवढे वाटले नाही.

विसर्जनानंतर तो गिटार पुण्याला घेऊन गेला. तेव्हा, भगिनी, सध्या मीच गिटारशिवाय आहे. दिवाळीच्या सुट्टीत दुसरी घ्यायला जाणार आहे. तुमची कन्या आणि तिचे वडील त्या सुमारास नगरला येणार असतील तर कळवावे. पट्टी मी आणीन.