प्लास्टिक वेष्टनाचे प्रमाणपत्र: भार कोणाचा हलका होतो?

झाशी म्हटले की मराठी माणसाला इतिहास आठवतो. आजच्या झाशीची शासनदरबारी ओळख मात्र निराळी आहे. उत्तर प्रदेश सरकारने २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत या जिल्ह्याच्या वाट्याला कापडी मऊ खेळणी आली. हा प्रामुख्याने लहान उद्योगांचा व्यवसाय. अशी खेळणी धूळ लागू नये म्हणून सहसा प्लास्टिकच्या पिशवीत घालून विकली जातात. खेळणे वर्षानुवर्षे टिकते, पिशवी मात्र त्याच दिवशी कचऱ्यात जाते. त्या पिशवीचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न आता कायद्याच्या कक्षेत आला आहे.

भारतात प्लास्टिक वेष्टनावर केंद्र सरकारचा स्वतंत्र पर्यावरण कर नाही. त्याऐवजी येथे ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ हे तत्त्व स्वीकारण्यात आले आहे. १६ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनुसार वेष्टनाचे उत्पादक, आयातदार आणि नाममुद्रेचे मालक यांनी बाजारात आणलेल्या प्लास्टिकच्या प्रमाणात कचऱ्याची विल्हेवाट लावणे बंधनकारक झाले. २०२१-२२ साठी हे प्रमाण २५ टक्के, पुढील वर्षी ७० टक्के आणि २०२३-२४ पासून १०० टक्के ठरले.

प्रत्येक कंपनीने स्वतः कचरा गोळा करावा, अशी अपेक्षा नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योग जेवढ्या कचऱ्यावर प्रक्रिया करतो, तेवढी प्रमाणपत्रे त्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रणालीवर मिळतात. ती विकत घेऊन कंपनी आपले दायित्व पूर्ण करते. उद्दिष्ट चुकल्यास पर्यावरणीय भरपाई भरावी लागते आणि मूळ दायित्वही संपत नाही. राहिलेली तूट एका वर्षात भरून काढल्यास भरपाईच्या ७५ टक्के, दोन वर्षांत ६० टक्के आणि तीन वर्षांत ४० टक्के रक्कम परत मिळते. त्यानंतर ती जप्त होते. म्हणजेच प्रमाणपत्रामुळे वाचतो तो कर नव्हे, तर दंडवजा भरपाईचा भुर्दंड.

झाशीच्या कारखानदाराचे काय?

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना नाममुद्रेचे मालक म्हणून या जबाबदारीतून वगळण्यात आले आहे. वेष्टन तयार करणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांचा भार मार्च २०२४ च्या दुरुस्तीने कच्चा माल पुरवणाऱ्यांकडे सोपवला. एप्रिल २०२५ पासून १०० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल आणि २५ कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योग लघु गणला जातो. त्यामुळे या मर्यादेतील खेळणी उत्पादकाला देशांतर्गत प्रमाणपत्राची थेट गरज नाही. मात्र तोच माल एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावाने विकला गेला की पिशवीच्या वजनाचा हिशेब ती कंपनी मागणार, हे उघड आहे.

निर्यातीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. ब्रिटनने एप्रिल २०२२ पासून ज्या प्लास्टिक वेष्टनात पुनर्चक्रित अंश ३० टक्क्यांहून कमी आहे, त्यावर टनाला २०० पौंड कर लावला. एप्रिल २०२५ मध्ये हा दर २२३.६९ पौंडांवर गेला. वर्षाला दहा टनांहून अधिक वेष्टन आणणाऱ्या आयातदाराला पुनर्चक्रित अंशाचा पुरावा देता आला, तरच कर टळतो. हा पुरावा अखेर मूळ उत्पादकाकडूनच यावा लागतो. युरोपीय संघात पुनर्चक्रित न झालेल्या प्लास्टिक वेष्टनामागे सदस्य राष्ट्रे २०२१ पासून किलोमागे ८० सेंट संघाच्या तिजोरीत भरतात.

येथे दोन प्रकारच्या कागदांतील फरक ध्यानात घ्यावा लागेल. भारतातील प्रमाणपत्र ‘तेवढ्याच वजनाच्या कचऱ्यावर कुठेतरी प्रक्रिया झाली’ असे सांगते. परदेशी ग्राहकाला हवे असते ते ‘याच पिशवीत जुने प्लास्टिक किती’ याचे उत्तर. पहिल्याने दुसऱ्याची गरज भागत नाही. भारताच्या नियमांतही २०२५-२६ पासून कडक वेष्टनात ३०, लवचीक वेष्टनात १० आणि बहुस्तरीय वेष्टनात ५ टक्के पुनर्चक्रित अंशाची अट आली असून, २०२८-२९ पर्यंत ती दुप्पट होणार आहे. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या पुराव्याला देशातही महत्त्व येत आहे.

विश्वासाचा प्रश्न

ही व्यवस्था उभी आहे ती कागदाच्या सचोटीवर. २०२३ मध्ये मंडळाच्याच तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील काही पुनर्चक्रण उद्योगांनी लाखो बनावट प्रमाणपत्रे निर्माण केल्याचे उघड झाले. बनावट कागद स्वस्त असतो. तो बाजारात आला की प्रामाणिकपणे कचरा विकत घेणाऱ्या उद्योगाचा भाव पडतो आणि त्याची झळ थेट कचरावेचकापर्यंत पोहोचते. प्रमाणपत्र पुनर्चक्रण उद्योगाच्या नावे निघते. भल्या पहाटे पिशव्या वेचणाऱ्याचा त्यावर कसलाही उल्लेख नसतो.

प्रमाणपत्रांनी उद्योगांचा भार हलका व्हावा, यात गैर काहीच नाही. प्रामाणिक उद्योगाला सवलत आणि बेफिकिराला भुर्दंड, हेच या धोरणाचे मर्म आहे. परंतु वजनकाटा, वीजवापर आणि मालाची पावती यांचा मेळ घालून प्रत्येक दाव्याची पडताळणी झाली नाही, तर कंपनीची भरपाई वाचेल आणि झाशीच्या नाल्यात पडलेली पिशवी तिथेच राहील. लहान उद्योजकाला सूट दिली, हे योग्यच झाले. आता त्याला पुनर्चक्रित अंशाची विश्वासार्ह चाचणी परवडणाऱ्या दरात आणि जवळपास मिळवून देणे, ही शासनाची पुढची जबाबदारी ठरते.