उन्हाळा कुणाला सोसत नाही?

पुलियात गाइडसोबत पायी फिरायची सहल बुक करताय? ती बहुधा एप्रिल-मेत नाहीतर सप्टेंबरात असेल. का, तर मधलं ऊन पाहुण्यांना सोसत नाही! नार्दोत 2015 च्या जुलैत त्याच उन्हात टोमॅटो तोडताना एक सुदानी मजूर मेला. साधारण 300 किलोच्या पेटीमागे काही युरो, त्यातून मुकादम गाडीभाडं कापणार. आपल्या ऊसतोडीतलाच मुकादम म्हणा ना. 2011 मध्ये नार्दोच्या आफ्रिकी मजुरांनी संप केला, तेव्हा कुठे ही मुकादमी गुन्हा ठरली. मालक कायद्याच्या कचाट्यात यायला 2016 उजाडलं. पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारा: जेवणातला टोमॅटो कुठल्या शेतातला, तोडणाऱ्याला काय मिळालं? "हे आमच्याकडे येत नाही" असं उत्तर आलं, तर तेही आम्हाला पाठवा.