मोजलेली वाट हवी

जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटरच्या धावेपायी काही तरुण प्राणांस मुकले. पुढे अंतर 3 किलोमीटर झाले. आता पुरुषांस 1600 मीटर धावावे लागते. म्हणून प्रश्न मिटला काय? 5 मिनिटे 10 सेकंदांत पोहोचेल त्यासच पूर्ण 20 गुण! हा वेग रोज जीव तोडून धावल्याने येत नाही. आठवड्यातून दोनदा 400 मीटरचे वेगवान टप्पे, मध्ये विसावा, एरवी बोलता येईल इतकी संथ धाव, अशा क्रमानेच तो येतो. पण पूर्णेकाठच्या सिद्धेश्वरसारख्या गावातील तरुणाने हे 400 मीटर मोजावेत कोठे? शाळेच्या मैदानावर फीत धरून फक्की टाकण्यास अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही, अशी आमची (कदाचित भाबडी) समजूत आहे. जिल्हा परिषदेने ती येत्या भरतीपूर्वी खरी ठरवावी.