‘निष्काम सेवे’चा हिशेब

तालुक्याच्या गावी अनंत चतुर्दशीची मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालते. चौकाचौकांत खाकी गणवेशातील माणसे काठी घेऊन उभी असतात आणि लोक त्या सर्वांना पोलीस म्हणूनच ओळखतात. वस्तुतः त्यांतील पुष्कळजण पोलीस नसतात. ते होमगार्ड असतात. कोणी एरवी रिक्षा चालवितो, कोणी भाजीचा गाडा लावतो, कोणी पदवी पदरात बांधून काम शोधत असतो. बंदोबस्त उठला की गणवेश खुंटीला लागतो आणि पुढचे बोलावणे केव्हा येईल हे कोणीच सांगू शकत नाही. शासनाच्या लेखी हा माणूस नोकर नव्हे आणि कामगारही नव्हे. तो मानसेवी स्वयंसेवक आहे आणि त्याच्या संघटनेचे ब्रीद आहे ‘निष्काम सेवा’. गीतेतील कर्मयोगाचा इतका काटकसरी उपयोग अन्य कोणत्या खात्याने क्वचितच केला असेल.

मूळ कल्पना टाकाऊ नव्हती, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात होमगार्ड संघटना उभी राहिली तेव्हा देश जातीय दंगलींनी होरपळत होता आणि मोरारजी देसाई प्रांताचे गृहमंत्री होते. परकीय सत्तेच्या पोलिसावर जनतेचा विश्वास नव्हता. आपल्या वस्तीची शांतता आपणच राखावी, हा विचार त्या क्षणी लोकशाहीला धरूनच होता. १९४७ मध्ये त्यासाठी मुंबई होमगार्ड कायदा झाला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्राने राज्यांना अशा संघटना एका साच्यात आणण्याचा सल्ला दिला आणि होमगार्ड देशभर पसरले.

परंतु स्वयंसेवेला एक आर्थिक पाया लागतो. जो स्वयंसेवक असतो त्याची चूल अन्यत्र पेटत असते, हे त्यात गृहीत असते. शिक्षक, दुकानदार, कचेरीतला कारकून फावल्या वेळी कवायतीला आला तर त्याला भत्ता पुरतो, कारण तो भत्त्यावर जगत नाही. आज होमगार्डच्या भरतीसाठी रांगेत उभा राहणारा तरुण फावला वेळ द्यायला आलेला नाही. त्याच्याजवळ फावल्या वेळाखेरीज काही नाही म्हणून तो आलेला आहे. महाराष्ट्रात पोलीस भरतीत होमगार्डांसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. तेवढ्या आशेवर अनेकजण वर्षांमागून वर्षे काढतात. माणसे बदलली, त्यांची गरज बदलली, ‘स्वयंसेवक’ हा शब्द मात्र शासनाने जिवापाड जपला. कारण त्या शब्दात बचत आहे.

कायद्यातील विसंगती पाहण्यासारखी आहे. होमगार्डला कामावर बोलावले की त्याला पोलीस अधिकाऱ्याचे अधिकार व संरक्षण मिळते. पुरेशा कारणावाचून हुकूम मोडला तर तो शिक्षेसही पात्र होतो. नकार दिल्यास शिक्षा आणि होकार दिल्यास स्वयंसेवा, असा हा अजब करार आहे.

हिमाचल प्रदेशातील होमगार्डांच्या याचिकेवर मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जो निर्णय दिला त्याने या कराराचा अर्धा भाग दुरुस्त केला. सेवेत कायम करण्याची मागणी न्यायालयाने नाकारली. मात्र हे लोक पोलिसांचे काम करतात, तेव्हा महिनाभराच्या कामाचा भत्ता पोलीस कर्मचाऱ्याच्या किमान वेतनाइतका झाला पाहिजे, असे राज्यांना बजावले. महाराष्ट्रात हा दैनिक भत्ता ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये झाला तो १ ऑक्टोबर २०२४ पासून. निर्णय आणि ही वाढ यांच्यामध्ये नऊ वर्षे गेली.

हक्क मिळाला तो दिवसाचा. पोट मात्र महिन्याचे असते. तीस दिवस काम मिळाले तर १,०८३ रुपयांप्रमाणे ३२,४९० रुपये होतात आणि सन्मानाने जगता येते. वर्षात शंभरच दिवस काम मिळाले तर वर्षाची प्राप्ती १,०८,३०० रुपये, म्हणजे महिना नऊ हजारांच्या आसपास. दर न्यायालयाने ठरविला, दिवस मात्र शासनाच्या हाती राहिले. जेथे मजुरीचा दर ठरलेला आणि कामाचे दिवस मालकाच्या मर्जीवर, तेथे दरवाढीचा बोजा मालक दिवस कापून मजुराच्याच अंगावर टाकतो. शेतमजुरांत काम केलेल्या कार्यकर्त्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. उत्तर प्रदेशात २०१९ मध्ये हेच घडले. न्यायालयाच्या आदेशाने दैनिक भत्ता ५०० वरून ६७२ रुपये होताच, खर्च झेपत नाही असे सांगून सुमारे २५ हजार होमगार्डांना कामावरून कमी करण्याचे फर्मान निघाले. तेही दिवाळीच्या तोंडावर! बोभाटा झाल्यावर कोणालाही काढणार नाही, अशी सारवासारव मंत्र्यांना करावी लागली.

खर्च झेपत नाही, हा युक्तिवाद तपासून घेतला पाहिजे. केंद्र शासनाच्याच आकडेवारीनुसार १ जानेवारी २०२० रोजी देशातील राज्य पोलीस दलांत ५ लाख ३१ हजारांवर मंजूर जागा रिकाम्या होत्या. होमगार्डांचे देशातील उद्दिष्ट पावणेसहा लाखांच्या घरात आहे. हे दोन आकडे एकमेकांशी नेमके जोडता येणार नाहीत. होमगार्ड रोज कामावर नसतात आणि सर्व जागा भरलेल्याही नसतात. पण दिशा स्पष्ट आहे. शिपाई नेमला की रजा, बढती, औषधोपचार आणि निवृत्तीनंतरची तरतूद हे सर्व मागोमाग येते. होमगार्ड बोलावला की दिवसाची पावती फाडली, हिशेब संपला.

पूर, निवडणूक, यात्रा अशा प्रसंगी अधिक मनुष्यबळ लागतेच, त्यासाठी बारमाही पोलीस पोसणे परवडत नाही, असे काहीजण म्हणतात. ते बरोबरच आहे. पण रहदारी आणि रात्रीची गस्त यांत प्रासंगिक काय आहे? बारमाही कामाला हंगामी माणूस लावणे हेच दुखणे आहे.

लहान गावात या व्यवस्थेचा काच अधिक असतो. शहरातल्या चौकात होमगार्ड अनोळखी असतो; तालुक्याच्या गावात त्याला सगळे ओळखतात. काल ज्या सावकाराच्या मुलाची मोटारसायकल अडविली, उद्या त्याच्याच दारी उसनवारीला जायचे असते. आज ज्या पुढाऱ्याची मिरवणूक वेळेत आटोपा म्हणून सांगायचे, त्याचाच शब्द तालुका पथकात चालत असतो. पोलीस शिपायाची गावाबाहेर बदली होऊ शकते, आणि नोकरीचे कवच त्याच्यापाशी असते. होमगार्ड गावातच राहतो आणि पुढचे बोलावणे येईल की नाही या धास्तीत असतो. अशा माणसाकडून कायद्याची निःपक्ष अंमलबजावणी मागणे म्हणजे त्याच्या गरिबीवर धैर्याचा आणखी एक कर बसविणे होय.

स्वस्त पोलिसाची किंमत समाजालाही द्यावी लागते. छत्तीसगढमध्ये जेमतेम शिकलेल्या आदिवासी तरुणांना महिना ३,००० रुपयांवर विशेष पोलीस अधिकारी करून माओवाद्यांच्या तोंडी दिले गेले. नंदिनी सुंदर, रामचंद्र गुहा व ई. ए. एस. शर्मा यांच्या याचिकेवर ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरविली. त्याच वर्षी राज्याने नवा कायदा करून त्याच तरुणांना सहायक सशस्त्र दल असे नाव दिले. पश्चिम बंगालमध्ये ‘सिव्हिक व्हॉलंटियर’ नावाची फौज उभी राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर स्त्रीवर बलात्कार करून तिचा खून झाला, आणि त्यात दोषी ठरलेला माणूस याच फौजेतला होता. यावरून सर्व स्वयंसेवकांना गुन्हेगार ठरविणे अन्यायाचे होईल. त्यांना नेमतो कोण, कोणत्या निकषावर, हा प्रश्न मात्र सर्वोच्च न्यायालयालाही विचारावा लागला.

महाराष्ट्रातील होमगार्डांची तुलना या दोहोंशी करता येत नाही. त्यांना कायदा आहे, प्रशिक्षण आहे. म्हणूनच येथे सुधारणा शक्य आहे. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या या राज्याने स्वतःच्याच गणवेशातील माणसाला वर्षाकाठी कामाच्या किमान दिवसांची हमी देऊ नये, हे विपरीत आहे. ती हमी, अपघात व आजारपणाचे संरक्षण आणि बारमाही कामासाठी पोलिसांच्या रिक्त जागांची भरती, या मागण्या एकत्रच लढवाव्या लागतील. एकटी भत्तावाढ मागितली तर उत्तर प्रदेशाची वाट मोकळी राहते. कार्यकर्त्यांना प्रारंभ आपल्या तालुक्यातच करता येईल. कोणाला वर्षात किती दिवस कामावर बोलावले, याची यादी दर महिन्याला तालुका पथकाच्या फलकावर लागावी, अशी मागणी करावी. त्या यादीला एक पैसाही लागत नाही, त्यामुळे खर्चाची सबब तेथे सांगता येणार नाही.