एकतिसाव्या दिवशी गोळ्या कोण देणार?

अमेरिकेतील शाळा-कॉलेजांना उन्हाळ्याची सुटी लागली, की ग्वाटेमाला सिटीच्या विमानतळावर एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले गट उतरू लागतात. कुणी टेक्सासच्या चर्चमधून आलेले, कुणी जॉर्जियाच्या. गटात एक-दोन डॉक्टर, काही परिचारिका, डॉक्टर व्हायची स्वप्ने पाहणारी कॉलेजची मुले आणि बाकी शिक्षक, दुकानदार, निवृत्त मंडळी असतात. सामानात कपड्यांपेक्षा औषधे जास्त. आठ-दहा दिवसांचा हा प्रवास ‘मेडिकल मिशन’ म्हणून ओळखला जातो. या देशात त्याची परंपरा जुनी आहे. ४ फेब्रुवारी १९७६ च्या भूकंपात सुमारे तेवीस हजार माणसे मेली. तेव्हा मदतीसाठी आलेल्या अनेक चर्चसंस्था पुढेही येत राहिल्या.

अशा गटाचा एक दिवस साधारण सारखाच जातो. सकाळी प्रार्थना, न्याहारी, मग मिनीबसने डोंगरातल्या गावाकडे. तिथे चर्चच्या किंवा शाळेच्या सभागृहाबाहेर पहाटेपासून रांग लागलेली असते. पाठीला झोळीत मूल बांधलेल्या बायका, काठी टेकत आलेली म्हातारी माणसे. पहिल्या टेबलावर नाव, वय, वजन आणि रक्तदाब. दुसऱ्यावर डॉक्टर. इथे खरी गंमत होते. रुग्ण बोलतो किचे किंवा काक्चिकेल भाषेत. (ग्वाटेमालात माया कुळातल्या बावीस भाषा बोलल्या जातात.) गावातला एखादा तरुण ते स्पॅनिशमध्ये सांगतो, गटाचा दुभाषी त्याचे इंग्रजी करतो आणि डॉक्टरांचे उत्तर त्याच वाटेने उलटे जाते. छातीत धडधडणे, जीव घाबरा होणे, डोके जड पडणे यातला फरक या दोन वळणांवर कुठे सांडतो, हे कुणालाच कळत नाही. मग तिसरे टेबल औषधांचे. प्लास्टिकच्या पिशव्यांत जीवनसत्त्वाच्या गोळ्या, अॅसिडिटीची गोळी, आयबुप्रोफेन, जंताची गोळी. पिशवीवर सूर्य आणि चंद्र काढलेले असतात, म्हणजे सकाळी एक आणि रात्री एक. संध्याकाळपर्यंत दोनशे रुग्ण तपासून होतात. सगळे थकलेले असतात आणि मनापासून समाधानी असतात.

त्या समाधानात खोट नाही. पैसे स्वतः जमवून, रजा खर्चून परक्या गावात दिवसभर उभे राहणाऱ्या माणसाच्या हेतूवर शंका घेणे क्षुद्रपणाचे ठरेल. प्रश्न औषधशास्त्राचा आहे, आणि औषधाला देणाऱ्याचा हेतू कळत नाही.

रक्तदाबाचेच पाहा. पंचावन्न वर्षांची बाई दोन तास डोंगर चढून आली, तीन तास रांगेत उभी राहिली आणि परक्या माणसाने तिच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा १७०/१०० आला. एकाच वेळच्या अशा मोजणीवर सहसा उच्च रक्तदाबाचे निदान करत नाहीत. माणसाला शांत बसवून, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजावे लागते. गट तर परवा दुसऱ्या गावात असणार. म्हणून डॉक्टर तीस दिवसांच्या गोळ्या देतात. आता निदान चुकीचे असेल, तर ती बाई महिनाभर नको असलेले औषध घेणार. बरोबर असेल, तर अधिकच वाईट, कारण हा आजार जन्मभराचा. गोळ्या संपल्या की रक्तदाब पुन्हा वर जातो, आणि काही प्रकारची औषधे एकदम थांबवली तर तो उसळतोही. एकतिसाव्या दिवशी तिला गोळ्या कोण देणार, हे त्या पिशवीवर लिहिलेले नसते. मधुमेहाच्या रुग्णाचीही हीच कथा.

आयबुप्रोफेनची गोष्ट याहून गंभीर आहे. शिबिरात सर्वाधिक येणारी तक्रार म्हणजे अंगदुखी, आणि तिच्यावर ही गोळी सढळ हाताने दिली जाते. ग्वाटेमालाच्या डोंगरातली अनेक माणसे हिवाळ्यापासून पॅसिफिक किनाऱ्यावर ऊस तोडायला जातात. त्या किनारपट्टीत, ग्वाटेमालापासून एल साल्वादोर, निकाराग्वापर्यंत, तरुण ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे निकामी होण्याचा एक आजार गेली काही दशके दिसतो आहे. ना मधुमेह, ना रक्तदाब. तिशी-चाळिशीतला कामकरी माणूस डायलिसिसपर्यंत पोहोचतो. कारणांवर अजून वाद आहे. कडक उन्हातले कष्ट आणि शरीरातले पाणी सतत कमी होणे यांच्यावर संशोधकांचा मोठा संशय आहे, आणि वेदनाशामके त्यात भर घालत असावीत असेही मानले जाते. त्यामागचे शरीरशास्त्र सोपे आहे. पाणी कमी पडले की मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात. आयबुप्रोफेन नेमकी तीच द्रव्ये तयार होऊ देत नाही. एरवी निरुपद्रवी वाटणारी गोळी उन्हात घामाघूम झालेल्या मजुराच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा अशा रीतीने तोडते. बीड-अहिल्यानगरकडून कारखान्यांच्या पट्ट्यात जाणाऱ्या टोळ्यांत अंगदुखीच्या गोळ्या कशा खाल्ल्या जातात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शिबिरातला डॉक्टर मात्र अटलांटाहून आलेला असतो. समोरचा माणूस पुढच्या महिन्यात कुठे असणार हे विचारायचे त्याला सुचत नाही, आणि सुचले तरी प्रश्न दोन भाषा ओलांडून जायचा असतो.

जंताची गोळी तुलनेने बरी. अल्बेंडेझोल स्वस्त आहे, सुरक्षित आहे, आणि जंतांचे प्रमाण जास्त असलेल्या भागांत मुलांना ठरावीक काळाने ते द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसच आहे. पण पहिल्या तिमाहीतल्या गर्भवतीला ते द्यायचे नसते, आणि त्याची नोंद गावच्या आरोग्य केंद्रात व्हायला हवी. एकाच मुलाला शाळेतून एक, एका चर्चकडून दुसरी आणि पुढच्या चर्चकडून तिसरी गोळी मिळते, आणि पलीकडच्या वस्तीत एकही पोहोचत नाही. शिवाय शौचालय आणि स्वच्छ पाणी नसेल, तर काही महिन्यांत जंत परत येतातच. ग्वाटेमालात पाच वर्षांखालील जवळपास निम्मी मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. वर्षातून एका दिवसाच्या गोळ्यांनी ती उंची वाढत नाही.

‘काहीच नसण्यापेक्षा हे बरे नाही का?’ असे समर्थक विचारतात. प्रश्न रास्त आहे. सरकारी आरोग्य केंद्रांत अनेकदा औषधे नसतात, डॉक्टर नसतो. मोतिबिंदूचे ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचे असते आणि त्याने माणसाची दृष्टी परत येते. तिथे बाहेरून आलेल्या शल्यचिकित्सकाचे मोल कुणी नाकारू नये. पण त्याच डोळ्यात आठवड्याने जंतुसंसर्ग झाला तर रुग्णाने कुणाचे दार ठोठवायचे, हे आधी ठरलेले असले पाहिजे. आणि ‘काहीच नसण्यापेक्षा’ हा निकष अमेरिकेतल्या गरिबांना कुणी लावत नाही. तिथे डॉक्टरकीचा परवाना नसलेल्या मुलाने दात उपटला तर गुन्हा होतो. ग्वाटेमालात तो ‘अनुभव’ म्हणून मेडिकल कॉलेजच्या प्रवेश अर्जात लिहिला जातो. या प्रकाराची दखल घेऊन अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेला २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या.

ग्वाटेमालाला अमेरिकी वैद्यकाचा एक जुना अनुभवही आहे. १९४६ ते १९४८ या काळात अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेच्या संशोधकांनी तिथले कैदी, सैनिक आणि मनोरुग्णालयातली माणसे यांना त्यांच्या संमतीशिवाय गुप्तरोगांची लागण करवली. हे उजेडात आल्यावर ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेने माफी मागितली. आजच्या स्वयंसेवकांचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे खरे. पण पांढरा कोट घालून आलेल्या परदेशी माणसाला रुग्ण प्रश्न विचारत नाही, यात नेहमी विश्वासच असतो असे समजू नये.

या प्रवासांवरची सर्वांत बोचरी टीका चर्चच्या आतूनच आली. कॅथलिक धर्मगुरू आणि विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोला जाऊ पाहणाऱ्या अमेरिकी विद्यार्थी स्वयंसेवकांसमोर भाषण केले. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असे त्यांनी तोंडावर सांगितले. इलिच टोकाचे बोलत. ज्या गावात डॉक्टरच नाही, तिथे त्यांचा सल्ला पाळणे हेही क्रौर्यच झाले असते.

मिशनच्या वैद्यकाची दुसरी तऱ्हा महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस मिरजेत आले ते आठ दिवसांसाठी नव्हे. तीन दशकांहून अधिक काळ राहिले, भाषा शिकले, रुग्णालय उभारले आणि स्थानिक मुलामुलींना वैद्यकाचे व शुश्रूषेचे शिक्षण दिले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० मध्ये जामखेडला गेले, तेव्हा त्यांनी याच्याही पुढची पायरी गाठली. गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केले. बाळंतपण, हगवण, कुपोषण यांवर त्या बायका काम करू लागल्या. १९७९ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार या दांपत्याला मिळाला, आणि आजही जगभरातून लोक जामखेडला शिकायला येतात.

खर्चाचा हिशेब मांडला तर चित्र आणखी स्पष्ट होते. विमानभाड्यासह माणशी दोन हजार डॉलर धरले, तरी वीस जणांच्या गटाचे चाळीस हजार डॉलर होतात. तेवढ्यात काक्चिकेल बोलणाऱ्या स्थानिक परिचारिकेचा काही वर्षांचा पगार निघेल. पण तिच्या पगारासाठी चर्चमध्ये वर्गणी जमवणे अवघड असते, कारण देणाऱ्याला स्वतः जाऊन आल्याचे समाधान त्यात मिळत नाही. तरी काही गट बदलत आहेत. ते स्थानिक केंद्राच्या परवानगीने येतात, तिथल्याच औषधयादीतली औषधे आणतात आणि जाताना रुग्णांची यादी परिचारिकेच्या हाती देतात.

महाराष्ट्रात नेत्यांच्या वाढदिवसांना होणारी ‘महाआरोग्य शिबिरे’ तर यापेक्षा सोप्या परिस्थितीत भरतात. भाषा एकच असते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्र फार लांब नसते. उपकेंद्रांतून तीस वर्षांवरील माणसांची रक्तदाब-मधुमेह तपासणी करून नोंद ठेवण्याचा सरकारी कार्यक्रमही आहे. शिबिरात ज्यांचा रक्तदाब जास्त निघाला, त्यांची नावे त्याच संध्याकाळी आशाताईंकडे द्यायला एक वही पुरते.